वर्गातील एक मुलगा : खुन्याच्या पौगंडावरील चित्रकथांच्या अभ्यासास प्रस्तावना

सरकारी दप्तरात खुनी माणसाचे आयुष्य गुन्ह्याच्या तारखेपासून सुरू होते. फिर्याद दाखल होते, पंचनामा लिहिला जातो, मुद्देमाल मोहोरबंद होऊन जमा होतो, साक्षीदारांच्या जबान्या आणि आरोपीची कैफियत नोंदवली जाते; आणि या सर्व कागदांच्या राशीतून जो मनुष्य न्यायासनापुढे उभा राहतो त्याला वय असते, बापाचे नाव असते, धंदा आणि वस्तीचे ठिकाण असते, परंतु ज्या पंधरा-वीस वर्षांत तो घडला त्या वर्षांचा मागमूस त्या राशीत क्वचितच सापडतो. अमुक कृत्य अमुक इसमाने केले की नाही, एवढे ठरविणे हेच न्यायासनाचे पहिले काम असल्यामुळे त्याला याबद्दल फारसा दोष देता येणार नाही. खेद वाटतो तो याचा की, ज्या समाजात तो मनुष्य लहानाचा मोठा झाला, ज्याच्या शाळेच्या बाकावर तो बसला आणि ज्याच्या आळीत तो वावरला, तो समाजही दप्तराचीच स्मृती आपली म्हणून स्वीकारतो, 'नराधम' एवढा एक शब्द उच्चारून त्याच्या बालपणावर पडदा टाकतो, आणि आपण त्याला ओळखत होतो ही गोष्ट होईल तितक्या लवकर विसरून जातो.

या विस्मृतीच्या विरुद्ध ज्यांनी लेखणी आणि कुंचला उचलला अशा थोड्या चित्रकारांचा हा अभ्यास आहे. सत्यकथनपर चित्रकथा हा साहित्यप्रकार मराठी वाचकास अद्याप पुरता परिचित नाही, आणि त्यातही खुनी माणसाचे सामान्य, परंतु आतून पोखरलेले तारुण्य हा विषय घेणारी चित्रकथा जगाच्या साहित्यातही विरळाच आहे. या शाखेचा सर्वांत परिपक्व नमुना म्हणजे डर्फ बॅकडर्फ या अमेरिकन व्यंगचित्रकाराचा २०१२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला 'माय फ्रेंड डाहमर'. त्याच्याभोवतीच प्रस्तुत संग्रहातील विवेचन फिरते, आणि त्याच्या उजेडात आपल्याकडील एका प्रकरणाकडे पुन्हा पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

जेफ्री डाहमर याचे नाव जगाला १९९१ च्या जुलैमध्ये, विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात त्याला अटक झाली तेव्हा कळले. १९७८ ते १९९१ या काळात त्याने सतरा तरुणांचे व मुलांचे प्राण घेतले होते, आणि त्या कृत्यांचे तपशील इतके भयंकर होते की वृत्तपत्रांना पुढे कित्येक महिने दुसरा विषय सुचला नाही. परंतु ओहायो राज्यातील एका शाळेत त्याच्या वर्गात बसलेल्या बॅकडर्फला त्या बातमीने जो धक्का बसला तो निराळ्या जातीचा होता. त्याला आठवला तो एक उंच, अबोल, सकाळी शाळेत येतानाच दारू प्यायलेला मुलगा. अपस्मारासारखे झटके आल्याची आणि वेडावाकडा आवाज काढण्याची नक्कल करून मुलांना हसविणारा. ज्याच्या नावाने काही वर्गमित्रांनी थट्टेने एक मंडळ स्थापन केले होते आणि ज्या मंडळात बॅकडर्फ स्वतः होता. मुलांनी वर्गणी काढून त्याला बाजारपेठेत नेले आणि अनोळखी लोकांपुढे त्याच नकला करायला लावल्या, हा प्रसंग बॅकडर्फने आपल्या ग्रंथात काढला आहे, आणि हसणाऱ्या मुलांच्या घोळक्यात स्वतःलाही काढले आहे. या एका निर्णयामुळे त्याच्या कथनाला नैतिक अधिकार प्राप्त होतो, असे माझे मत आहे. जो चित्रकार स्वतःला चौकटीच्या बाहेर ठेवून दुसऱ्यांची उदासीनता दाखवितो, त्याचे चित्र कितीही सुबक असले तरी ते एकतर्फी जबानीच्या पलीकडे जात नाही.

त्या मुलाच्या घरचे वर्णनही या ग्रंथात संयमाने आले आहे. बाप रसायनशास्त्रज्ञ, कामात बुडालेला. आई मानसिक व्याधीने ग्रस्त आणि औषधांच्या आहारी गेलेली. दोघांचा वर्षानुवर्षे चाललेला कलह, आणि मुलगा शाळेतून उत्तीर्ण झाला त्याच सुमारास झालेला घटस्फोट. रस्त्यावर वाहनांखाली मेलेली जनावरे गोळा करून ती आम्लात विरघळविण्याचा छंद त्याला घराजवळच्या झोपडीत लागला होता, आणि आपल्या वासनांचे स्वरूप ओळखून तो स्वतःच भेदरला होता. त्याने ते कोणालाही सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. शाळा संपल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १९७८ च्या जूनमध्ये, आईबाप दोघेही घर सोडून गेलेले असताना त्याने रस्त्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या एका तरुणास घरी आणले आणि ठार मारले. प्रेताचे अवशेष पिशव्यांत भरून रात्री तो निघाला असता पोलिसांनी त्याची गाडी अडविली, पिशव्यांविषयी विचारले, त्याने केरकचरा असल्याचे सांगितले, आणि पोलिसांनी त्याला जाऊ दिले.

शाळेच्या वार्षिकांकाची एक हकीगत मला या सर्वांहून अधिक बोलकी वाटते. गुणवंत विद्यार्थ्यांच्या संघाचे समूहछायाचित्र काढले जात असता डाहमर, त्या संघाचा सभासद नसताना, खोडी म्हणून रांगेत जाऊन उभा राहिला. छाननी करणाऱ्यांच्या ते लक्षात आले, आणि त्यांनी त्याचा चेहरा काळ्या शाईने पुसून टाकला. छापून आलेल्या अंकात विद्यार्थ्यांच्या ओळीत एक काळी आकृती उभी आहे. शाळेने त्याच्याविषयी छापून ठेवलेली ही एक नोंद. नियमाचा भंग तिला दिसला, मुलगा दिसला नाही. वर्गातील मुलांना त्याचे पिणे माहीत होते, त्या दारूचा वास शिक्षकांपर्यंत कसा पोहोचला नसेल, असा प्रश्न बॅकडर्फ पुनःपुन्हा विचारतो, आणि मोठी माणसे होती कोठे, या त्याच्या सवालाला ग्रंथात कोठेही उत्तर मिळत नाही.

तथापि तो आपल्या वर्गमित्राला क्षमा करीत नाही. पहिल्या खुनाच्या क्षणी त्याची सहानुभूती थांबते, आणि तेथून थोड्याच अंतरावर त्याची कथाही थांबते. खून त्याने चित्रित केलेला नाही. पुढची तेरा वर्षे आणि सोळा बळी हा वृत्तपत्रांचा विषय होता. त्याचा विषय त्याआधीचा होता. या मर्यादेपर्यंत येण्यास त्याला वीस वर्षे लागली: डाहमर १९९४ साली तुरुंगात दुसऱ्या कैद्याच्या हातून मारला गेल्यानंतर बॅकडर्फने काही पाने काढली, ती १९९७ साली एका मासिकात आली, २००२ साली स्वखर्चाने एक चोपडी छापली, आणि तिच्याबद्दल असमाधान वाटल्यामुळे पुन्हा तपासाचे कागद वाचले, वर्गमित्रांना व शिक्षकांना विचारले, आणि मग २२४ पानांचा ग्रंथ सिद्ध केला. प्रसंगाचा आधार कोणता, कोणते त्याने स्वतः पाहिले आणि कोणते ऐकले, हे शेवटच्या टिपांत तो सांगतो. २०१४ साली फ्रान्समधील आंगुलेमच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला, २०१७ साली त्यावर चित्रपट निघाला; परंतु या शाखेला त्याने दिलेली खरी देणगी ही टिपांची शिस्त आहे.

आता या शाखेच्या कुळाकडे वळू. चित्रांच्या मालिकेतून कथा सांगण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांच्या पोथ्या उलगडून सांगत आले, आणि त्यांत वध व युद्धे भरपूर होती. छापील चित्रकथेचा आधुनिक प्रारंभ स्वित्झर्लंडमधील रोदोल्फ टोपफर याच्याकडे नेला जातो. गुन्हा हा या माध्यमाचा मुख्य विषय झाला तो मात्र अमेरिकेत, १९४२ साली 'क्राइम डझ नॉट पे' हे नियतकालिक निघाल्यावर. खऱ्या दरोडेखोरांच्या व खुन्यांच्या कहाण्या, भडक रंग, शेवटच्या पानावर फाशी आणि तिच्यासोबत तात्पर्य, असा त्यांचा साचा होता. लाखोंनी प्रती खपत, आणि त्यांत खुन्याचे बालपण आले तरी ते दोन चौकटींत उरकले जाई, तेही तो उपजतच दुष्ट होता हे दाखविण्यासाठी. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने अशा चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा आरोप ग्रंथरूपाने केला, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. या वादाचे पडसाद आपल्याकडेही उमटले, ही गोष्ट आज फार थोड्यांना आठवत असेल: अल्पवयीनांस अपायकारक अशा प्रकाशनांविषयी संसदेने १९५६ साली केलेल्या कायद्यात चित्रांच्या साहाय्याने वा सर्वस्वी चित्रांतून सांगितलेल्या, गुन्हे व क्रौर्य दाखविणाऱ्या कथांचा स्पष्ट उल्लेख आहे. चित्रातून गुन्हा सांगणे म्हणजे गुन्ह्याची शिकवण देणे, ही धारणा तेव्हापासून शिक्षितांच्या मनात रुजली. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा घरोघर वाचल्या जात असतानाही चित्रकथेकडे मात्र पोरांचा विरंगुळा म्हणूनच पाहिले गेले. १९६७ पासून अनंत पै यांच्या 'अमर चित्रकथा' मालिकेने तिला घरात मानाचे स्थान दिले, पण तेही पुराणपुरुष व वीरपुरुष यांच्याच आधाराने.

सत्यकथनपर चित्रकथेला प्रौढत्व आले ते मनुष्याने आपले स्वतःचे दुःख तिच्यातून सांगण्यास आरंभ केला तेव्हा. हिरोशिमाच्या अणुस्फोटातून वाचलेल्या केइजी नाकाझावा यांनी १९७३ पासून आपल्या बालपणाची कथा काढली. आर्ट स्पीगलमन यांनी 'माउस'मध्ये बापाच्या तोंडून ज्यूंच्या संहाराची हकीगत ऐकली व लिहिली, आणि १९९२ साली त्यास पुलित्झर पारितोषिक लाभले. जो साको याने पॅलेस्टाइनमध्ये जाऊन चित्रांतून वार्तांकन केले. मर्जान सत्रापी हिने इराणच्या क्रांतीत गेलेले आपले बालपण मांडले. आपल्याकडे २०११ साली दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांच्या हातून 'भीमायन' सिद्ध झाले, आणि त्याच वर्षी महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर आधारलेली चित्रकथा इंग्रजीत प्रसिद्ध झाली. या सर्वांनी सिद्ध केलेली गोष्ट अशी की, चित्र हे साक्ष देण्याचे साधन होऊ शकते, आणि ती साक्ष उलटतपासणीस उतरते.

खुनाच्या चित्रकथांत या नव्या जाणिवेनंतर मुख्यतः तीन वाटा दिसतात. रिक गिअरी याने १९८७ पासून एकोणिसाव्या शतकातील खुनांची मालिका जुने कागद, नकाशे व वर्तमानपत्रे पाहून काढली. ही इतिहाससंशोधकाची वाट, थंड डोक्याची आणि घटनास्थळाच्या भूगोलात रमणारी. अ‍ॅलन मूर व एडी कॅम्पबेल यांचा 'फ्रॉम हेल' याच वाटेने निघून कल्पनेच्या अरण्यात शिरतो; तो मोठा ग्रंथ आहे, पण त्याला साक्ष म्हणता येणार नाही. दुसरी वाट तपास करणाऱ्याच्या घरची: जेफ जेन्सन याने २०११ साली आपल्या बापाने, म्हणजे एका गुप्त पोलीस अधिकाऱ्याने, एका खुन्याच्या शोधात घालविलेल्या आयुष्याची कथा सांगितली. तिसरी वाट परिचिताची, आणि ती बॅकडर्फची. पहिल्या दोन वाटांवर खुनी हा शोधण्याचा विषय असतो. तिसरीवर तो आधीच ओळखीचा असतो, आणि शोध घ्यायचा असतो तो ओळखणाऱ्याच्या दृष्टीचा.

आपल्याकडे या तिसऱ्या वाटेने जाण्यासारखे प्रकरण कोणते, असे विचारले तर माझ्या मनात एकच येते. डाहमर ओहायोत शाळेत शिकत होता त्याच वर्षांत, १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत, पुण्यात दहा माणसांचे खून झाले, आणि ते करणारे राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चौघे टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयात कलेचे शिक्षण घेणारे तरुण होते. त्यांचा पहिला बळी प्रकाश हेगडे हा त्यांच्याच वर्गातला मुलगा. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयनगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघे, १ डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावरील 'स्मृती' बंगल्यात अभ्यंकर कुटुंबातील चौघे आणि त्यांच्याकडे कामास असलेली वृद्ध मोलकरीण, आणि २३ मार्च १९७७ रोजी एका सहाध्यायाचा धाकटा भाऊ, असा तो क्रम होता. अभ्यंकरांच्या घरात मारले गेलेले काशिनाथशास्त्री हे संस्कृत व्याकरणाचे थोर पंडित, ज्यांचा व्याकरणविषयक कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. वयाच्या नव्वदीकडे झुकलेल्या त्या विद्वानाचा असा अंत झाल्याचे ऐकून महाराष्ट्र हादरला, आणि पुण्यातील लोक दिवस मावळल्यावर घराबाहेर पडेनासे झाले. २८ सप्टेंबर १९७८ रोजी सत्र न्यायालयाने चौघांना फाशीची शिक्षा फर्मावली, वरिष्ठ न्यायालयांनी ती कायम केली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली.

या प्रकरणावर आपल्याकडे जे लिहिले व दाखविले गेले त्याचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. त्या चौघांसोबत असलेला एक तरुण माफीचा साक्षीदार झाला, त्याच्या जबानीवर खटला उभा राहिला, आणि 'माफीचा साक्षीदार' याच नावाचा चित्रपट १९८६ साली निघाला. मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथन लिहिले, ते प्रसिद्ध झाले व खूप वाचले गेले. अनुराग कश्यपच्या 'पाँच'ला या प्रकरणाची प्रेरणा होती. विवेक वाघ यांच्या 'जक्कल' या माहितीपटाला शोधपर चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. म्हणजे आरोपीची कैफियत आहे, माफीच्या साक्षीदाराची जबानी आहे, पोलिसांचा तपास आहे, अभिनेत्यांची कामगिरी आहे. जे नाही ते वर्गाचे कथन. ज्या वर्गात पहिल्या खुनानंतर एक बाक रिकामे झाले, आणि त्यानंतरही चौदा महिने मारणारे तेथे येत-जात राहिले, त्या वर्गातील प्रत्येक मुलगा व मुलगी चित्र काढण्याचेच शिक्षण घेत होती. दुचाक्या चोरणे आणि मद्यपान यांविषयी त्या टोळक्याची कुप्रसिद्धी महाविद्यालयात होती. ती कोणापर्यंत पोहोचली आणि कोठे अडली, ते उपाहारगृहात कोणाशेजारी बसत, कोणत्या विषयात कोणाचा हात चांगला होता, कोणाच्या घरी काय चालले होते, हे चितारण्याचे सामर्थ्य जगातील फार थोड्या वर्गांत असते, आणि त्या वर्गात ते होते. पन्नास वर्षे होत आली. त्या पिढीतील माणसे आता सत्तरीत आहेत. त्यांच्या मौनाला मी दोष देत नाही, कारण त्या दहशतीतून गेलेल्यांना ती पुन्हा जगावी असे वाटले नाही तर ते स्वाभाविक आहे. परंतु त्या मौनामुळे मराठी वाङ्मयाची आणि मराठी समाजाच्या आत्मज्ञानाची झालेली हानी मोठी आहे, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

दोन्ही प्रकरणांतील भेदही नजरेआड करता कामा नये. डाहमर एकाकी होता आणि त्याचे एकाकीपणच त्याच्या विकृतीचे खाद्य झाले. पुण्याचे चौघे सोबतीने बिघडले, एकाच्या धाडसावर दुसऱ्याचे धाडस वाढत गेले, आणि पैशाचा लोभ हा त्यांच्या कृत्याचा उघड हेतू होता. म्हणूनच बॅकडर्फच्या पद्धतीची येथे नक्कल करून भागणार नाही. त्याच्या कथेत एक मुलगा आणि त्याच्याकडे पाठ फिरविलेले जग आहे. आपल्या कथेत मैत्रीचेच परीक्षण करावे लागेल, आणि ते अधिक कठीण आहे.

हे गद्याने साधणार नाही काय, असा प्रश्न वाचक विचारील. साधेल, पण एका मर्यादेपर्यंत. गद्य चरित्रकार आपल्या नायकाचे नाव घेतो आणि त्या क्षणी बाकीचे जग मागे सरते; चित्रकाराला मात्र नायक काढायचा तर त्याच्या मागची भिंत, शेजारचा मुलगा, दारातून डोकावणारा शिक्षक आणि खिडकीबाहेरचा रस्ता काढावाच लागतो. बॅकडर्फच्या पानांत डाहमर कित्येकदा चौकटीच्या कडेला, अर्धवट कापलेला, दुसऱ्यांच्या गप्पांच्या पाठीमागे उभा दिसतो. वाचक ती चौकट ओलांडून पुढे जातो, आणि दोन पाने गेल्यावर त्याला उमगते की आपणही त्याच्याकडे पाहिले नाही. वाचकाच्या हातून घडलेली ही चूक हाच त्या ग्रंथाचा सर्वांत भेदक युक्तिवाद आहे, आणि तो शब्दांत मांडून दाखविता येत नाही.

मी ज्या तालुक्यात राहून हे लिहीत आहे तेथे या विषयाला आणखी एक परिमाण आहे. मानोरा तालुक्यात तांड्यांची वस्ती मोठी. सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे तीर्थ झालेले पोहरादेवी याच तालुक्यात. बंजारा ही महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या चौदा नावांच्या यादीतील एक जमात आहे, आणि ती यादी ज्या कायद्याची आठवण वागविते तो १८७१ चा गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा मनुष्य जन्मानेच गुन्हेगार असू शकतो या गृहीतावर उभा होता. त्यापुढे पाचच वर्षांनी इटलीतील चेझारे लोम्ब्रोझो याने कवटीच्या व जबड्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचे शास्त्र प्रसिद्ध केले. त्या शास्त्राची लक्तरे केव्हाच निघाली, आणि आपल्याकडील कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण तोपर्यंत पिढ्यान्‌पिढ्यांची मुले पोलिसांकडे हजेऱ्या देत आणि सेटलमेंट नावाच्या सक्तीच्या वस्त्यांच्या तारांआड वाढत आली, त्यांच्या हातून काही घडण्यापूर्वीच त्यांची नावे दप्तरात चढलेली होती. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही आत्मकथने मराठीत आली तेव्हा या दप्तराला पहिल्यांदा आतून उत्तर मिळाले. बालपण कसे गेले हे सांगणे हाच तेथे युक्तिवाद होता. म्हणून खुनी माणूस उपजत राक्षस असतो हे वाक्य ओहायोत उच्चारले तर ते एका मुलापुरते राहते, आणि आमच्याकडे उच्चारले तर त्याच्या मागे एक संपूर्ण कायदा उभा राहतो. 'घडण' सांगणाऱ्या वाङ्मयाची गरज या भागाला अधिक आहे, कारण 'जन्म' सांगणाऱ्या दप्तराचा जाच या भागातील माणसांनी सोसला आहे.

न्यायव्यवस्थाही आता या दिशेने वळली आहे. १९८० च्या बचन सिंग निकालाने फाशी ही विरळातील विरळ प्रकरणांपुरती ठेविली आणि गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा असे सांगितले; परंतु गुन्हेगार पाहायचा म्हणजे नेमके काय पाहायचे, हे चार दशके बहुतांशी वकिलाच्या तोंडच्या दोन-चार वाक्यांवर राहिले. २०२२ च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेपूर्वी आरोपीचे बालपण, कुटुंब, शिक्षण व मनःस्थिती यांची माहिती दप्तरावर आणण्याचे निर्देश दिले. ही माहिती न आणल्याने काय होते याचा दाखला पुढच्याच वर्षी मिळाला. १९९४ साली पुण्यात एका कुटुंबातील पाच स्त्रिया व दोन मुले यांची हत्या झाली होती; त्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेला एक बंदी कृत्याच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, असे त्याच्या राजस्थानातील शाळेच्या दाखल्यावरून सिद्ध झाले, आणि मार्च २०२३ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या बंदिवासानंतर सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले. तीन न्यायालयांनी ज्याला फाशीस पात्र ठरविले त्याचे वय एका शाळेच्या नोंदवहीत सुखरूप पडून होते.

या वाङ्मयावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप गंभीर आहे, आणि तो टाळण्याचा माझा हेतू नाही. खुन्याचे बालपण रंगविता रंगविता मृतांचे बालपण विसरले जाते, असे आक्षेपक म्हणतात. २०२२ साली डाहमरवर एक मालिका निघाली आणि जगभर पाहिली गेली, तेव्हा मृतांच्या नातलगांनी उघड संताप व्यक्त केला. त्यांचे दुःख त्यांना न विचारता करमणुकीसाठी पुन्हा उभे केले गेले होते. हा संताप न्याय्य आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच की, गुन्हा जितका तपशिलाने दाखवावा तितका खुनी मोठा होत जातो आणि मृत लहान. उलट बॅकडर्फसारखा चित्रकार गुन्ह्याच्या उंबरठ्यावर थांबतो तेव्हा खुनी सामान्य मुलाच्याच मापाचा राहतो, आणि ज्याचा बळी जाणार आहे तो मनुष्य टाळता आला असता अशा मृत्यूचा बळी ठरतो. दया आणि दोषमुक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या पोराची दया येणे आणि त्या खुन्याला शिक्षा होणे रास्त वाटणे यांत मला विरोध दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी मनात धरता येत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा संग्रह विशेषकरून आहे.

प्रस्तुत लेखांत म्हणूनच खुनाच्या वर्णनाला जागा दिलेली नाही. चित्रकाराची साधने, आधार आणि मर्यादा यांचा विचार केला आहे, आणि पुण्याच्या प्रकरणाच्या प्रसिद्ध सामग्रीत पौगंडाचे जे धागे विखुरले आहेत ते एकत्र करून पुढील चित्रकाराच्या हाती देण्याचा यत्न केला आहे. ती चित्रकथा आम्ही काढू शकत नाही. आमच्याकडे तो हात नाही आणि त्या वर्गातील आठवणही नाही. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांना, आणि १९७५ ते १९७७ या वर्षांत टिळक रस्त्यावरील त्या इमारतीत शिकलेल्या व शिकविलेल्या सर्वांना, माझी विनंती आहे की त्यांनी आठवते तेवढे लिहून किंवा काढून ठेवावे, ते प्रसिद्ध करण्याची घाई नसली तरी चालेल. आणि आश्रमशाळांच्या व तालुक्यातील शाळांच्या ज्या शिक्षकांच्या हाती हे पुस्तक जाईल त्यांनी ते ग्रंथालयाच्या कपाटात न ठेवता शिक्षकांच्या खोलीत ठेवावे. ते मुलांसाठी नाही, मुलांकडे पाहणाऱ्यांसाठी आहे.

मानोरा, जि. वाशीम